ॲरन बेटावरील दोन दिवस

२०२५ सालच्या उन्हाळ्यांत चिरंजीवांकडे ग्लासगो शहरीं तीन महिने राहण्याचा योग आला. परदेशगमनाचें अप्रूप आतां कोणास राहिलेलें नाहीं. आमच्या आळींतील दर तिसऱ्या घरचें कोणी ना कोणी समुद्रापलीकडे आहे, आणि विमानांतून उतरल्यावर काय काय दिसलें याचीं वर्णनें ऐकून वाचकांचे कान किटले असतील. म्हणून ग्लासगोविषयीं मी कांहींच लिहीत नाहीं. लिहावयाचें आहे तें त्या शहराच्या नैर्ऋत्येस समुद्रांत असलेल्या ॲरन नांवाच्या बेटाविषयीं आणि तेथें घालविलेल्या एका शनिवार-रविवाराविषयीं. त्यांत माझी थोडी फजिती आहे; फजितीहून अधिक असेंही कांहीं आहे. तें ओघानें येईलच.

आमची सूनबाई तेथील एका पदभ्रमण मंडळाची सभासद आहे. मंडळ म्हणजे पंचवीस-तीस माणसें. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी बँकेंतला कारकून. महिन्यांतून एकदां कोठल्या तरी डोंगरावर जावयाचें आणि वर्षांतून एकदोनदां बाहेर मुक्काम करावयाचा, एवढाच त्याचा उद्योग. या खेपेचा बेत असा होता कीं, शनिवारीं गोट फेल नांवाचा डोंगर चढावयाचा आणि रविवारीं सायकलींवरून बेट पहावयाचें. "बाबा, तुम्हीही चला," असें सूनबाई म्हणाली तेव्हां मी माझें सदुसष्टावें वर्ष पुढें केलें. ती म्हणाली, "आमच्यांत बहात्तर वर्षांचे एक आजोबा आहेत." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. शिवाय, खरें सांगावयाचें तर, मनांत थोडी घमेंडही होती. आपण सह्याद्रींतले, राजगड, तोरणा, रायरेश्वर पायांखालीं घातलेले. ८७४ मीटरांचा डोंगर तो काय! सौ. नातवाजवळ राहिली, चिरंजीवांना रजा नव्हती, आणि शुक्रवारीं दुपारीं सासरा व सून असे आम्ही दोघे पाठीवर पिशव्या लावून निघालों.

ग्लासगोहून ट्रून बंदराकडे जाणारी आगगाडी अर्व्हिन नांवाच्या गांवावरून जाते. तेथून दोन-तीन मैलांवर ड्रेगहॉर्न हें खेडें आहे, आणि जॉन डनलॉप हा गृहस्थ १८४० सालीं तेथेंच जन्मला. हा गुरांचा डॉक्टर. आयर्लंडांत बेलफास्ट येथें असतांना मुलाच्या तीनचाकी सायकलीस खडबडीत रस्त्यावर हिसके बसूं नयेत म्हणून त्यानें हवेनें भरलेली रबरी धांव बसविली, आणि १८८८ सालीं तिचे हक्क नोंदविले. पुढें असें निघालें कीं, रॉबर्ट टॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉच मनुष्यानें हीच युक्ति १८४५ सालींच नोंदवून ठेविली होती! डनलॉपचे हक्क रद्द झाले, पण नांव मात्र त्याचेंच राहिलें. तीस वर्षें मी भोर तालुक्यांतल्या एका शाळेंत नऊ मैलांची वाट सायकलीवरून तुडवीत जात होतों. माझ्या धांवेवर कोणाचें नांव छापलेलें होतें तें मला पाठ होतें. खिडकींतून तो मुलूख पाहतांना मला, कां कोण जाणे, ओळखीच्या गांवीं आल्यासारखें वाटलें.

ट्रूनहून आगबोटीनें सव्वा तास लागला. बोटीचें नांव 'ग्लेन सॅनॉक्स'. २०१७ सालीं पाण्यांत सोडलेली ही बोट प्रत्यक्ष उतारूंची ने-आण करावयास लागली ती २०२५ च्या जानेवारींत, तेव्हां तिच्याविषयीं बोलतांना तेथील लोक अजून हंसतात. हें नांव एका खोऱ्याचें आहे, आणि त्या खोऱ्याची कथा सायकलीवरून तेथें पोंचल्यावर सांगेन.

ॲरनला स्कॉटलंडची लहानशी प्रतिकृति म्हणतात, आणि तें पटतें. उत्तरेकडील अर्धा भाग उघड्या, सुळकेदार पर्वतांचा. दक्षिणेकडील अर्धा सौम्य टेकड्यांचा व शेतांचा. स्कॉटलंडच्या डोंगराळ आणि सपाट प्रांतांना विभागणारी भूस्तरांतली मोठी भेग या बेटांतूनच गेली आहे. वस्ती सारी पांच हजारांच्या आंतबाहेर. क्षेत्रफळ ४३२ चौरस किलोमीटर. आपल्याकडे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाचीं, म्हणजे कल्पाचीं, वर्षें ४३२ कोटी सांगितलीं आहेत. हा केवळ योगायोग असून ज्योतिषी मंडळींनीं त्यावर कांहीं उभारूं नये!

मुक्काम ब्रॉडिक या मुख्य गांवीं एका धर्मशाळेवजा जागेंत होता. एकावर एक फळ्यांच्या खाटा, सामाईक स्वैपाकघर, आणि भांडीं ज्यानें त्यानें घांसावयाचीं. रात्रीं दहा वाजतां आकाशांत लख्ख संधिप्रकाश होता, त्यामुळें सायंसंध्या नेमकी केव्हां करावी हा माझ्यापुढें प्रश्नच पडला. सकाळीं त्यांनीं ओटाची पेज केली. तींत मीठ घालावें कीं साखर यावरून त्यांच्यांत जो वाद झाला, तो आमटींत गूळ असावा कीं नसावा या आमच्या घरच्या वादाइतकाच जुना दिसला. मी मिठाच्या बाजूस मत दिलें. सूनबाईनें दशम्या व शेंगदाण्याची चटणी आणली होती. तिला डोंगरावर फार गिऱ्हाईक मिळालें.

निघण्यापूर्वी मंडळाच्या म्होरक्या बाईंनीं आम्हां अकरा जणांना उभें करून नियम सांगितले. बाई पन्नाशीच्या, व्यवसायानें परिचारिका. बोलणें थोडें आणि मऊ, पण त्यापुढें कोणी बोलत नसे. पहिला नियम असा कीं, एक वाजतां जेथें असूं तेथून परत फिरावयाचें. शिखर दहा हातांवर राहिलें असलें तरीही. दुसरा, एकट्यानें कोणीही कोठेंही जावयाचें नाहीं. कोणास परतावें लागलें तर दोघांनीं त्याच्याबरोबर परतावयाचें. तिसरा, सर्वांच्या मागें एक ठराविक माणूस चालेल, आणि त्याच्याही मागें कोणी राहतां कामा नये. हें शेवटचें काम त्या बहात्तर वर्षांच्या आजोबांकडे होतें. ते सुतारकाम करून निवृत्त झालेले, आणि गोट फेलवर त्यांच्या सांगण्याप्रमाणें तीसेक वेळां गेलेले.

विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉच गिर्यारोहकानें १८९२ सालीं चालण्याचें एक गणित बसवून दिलें आहे. दर तीन मैलांस एक तास, आणि त्यांत दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास मिळवावयाचा. मास्तरकी अंगांत मुरलेली असल्यामुळें मीं तें लगेच सोडविलें. वाट सव्वातीन मैलांची धरली तर एक तास पांच मिनिटें. चढ २८६६ फूट, म्हणजे एक तास सव्वीस मिनिटें. एकूण अडीच तास. साडेनऊस निघालों तर बारास शिखर. कागदावर उत्तर बिनचूक होतें.

प्रथम वाट ब्रॉडिकच्या जुन्या किल्लेवजा वाड्याच्या रानांतून जाते. हा वाडा आणि डोंगर दोन्ही १९५८ पासून तेथील एका राष्ट्रीय न्यासाच्या ताब्यांत आहेत. वाड्याच्या बागेंत हिमालय, तिबेट, ब्रह्मदेश येथून नेऊन लावलेलीं ऱ्होडोडेंड्रॉनचीं झाडें आहेत. हंगाम सरला होता तरी कांहींवर अजून फुलें होतीं. रान संपतांच हरणें आंत येऊं नयेत म्हणून उंच कुंपण आहे. त्याचें दार उघडून आपण मोकळ्या माळावर येतों, आणि दार मागें आठवणीनें लावावयाचें. स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें जबाबदारीनें वागणाऱ्या कोणालाही बहुतेक सर्व जमिनीवरून चालत जाण्याचा हक्क आहे. जमीन कोणाची हें कोणी विचारीत नाहीं. दार लावलेंस कां, हें मात्र विचारतात.

माळावर वारा पडला कीं मिज नांवाचीं चिलटें उठतात. डोळ्यांनीं धड दिसतही नाहींत, पण कानांमागें आणि केंसांत अशीं चावतात कीं मनुष्य उभ्या उभ्या नाचूं लागतो. चालत राहणें एवढाच उपाय. तेव्हां मी चालत राहिलों, आणि दम टिकेपर्यंत आजोबांस डोंगरांचीं नांवें विचारीत राहिलों. बेटावरची मूळ गेलिक बोली विसाव्या शतकांत लोकांच्या तोंडून गेली, पण डोंगरांनीं ती धरून ठेविली आहे. एका सुळक्याच्या नांवाचा अर्थ 'मोठी फणी', दुसऱ्या एका खिंडीचा 'म्हातारीची पायरी'. खुद्द गोट फेलविषयीं पंडितांचे दोन पक्ष. कोणी म्हणतात नॉर्वेकडच्या खलाशांनीं दिलेलें हें 'बकऱ्यांचा डोंगर' असें नांव, कोणी म्हणतात मूळ गेलिक 'वाऱ्याचा डोंगर'. मग मीं त्यांच्याकडून गेलिकमधले चार शब्द काढून घेतले. दोहोंस 'दा', तिहींस 'त्री', राजास 'री'. आईस 'माहिर', भावास 'ब्राहिर'. या शेवटच्या दोहोंत लिहितांना 'थ' असतो, बोलतांना त्याचा 'ह' होतो. द्वौ, त्रि, राजन्, मातृ, भ्रातृ हे आमचे शब्द मीं त्यांना म्हणून दाखविले तेव्हां आजोबा वाटेंतच थांबले आणि ते पुन्हां म्हणावयास लावले. विल्यम जोन्स या न्यायाधीशानें १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृताच्या सोयरिकीविषयीं जें भाषण केलें त्यांत याही भाषाकुळाचा उल्लेख आहे, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें; पण डोंगरावर धापा टाकीत त्याचा पडताळा पाहण्याची मौज वेगळी.

हा संवाद माझ्या पायांनीं मात्र मान्य केला नाहीं. माळ संपून डोंगराच्या पूर्वेकडील सोंडेवर आलों तेव्हां साडेबारा वाजून गेले होते. पुढें शिखरापर्यंत ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या धोंड्यांची रास. हा दगड सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वींचा, म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या लाव्ह्याहून थोडा धाकटाच. धाकटा असला तरी उर्मट. पहिल्या वीस-पंचवीस धोंड्यांतच माझा उजवा गुडघा थरथरूं लागला. मागें वळून पाहिलें तों खालीं लॅमलॅशचा उपसागर आणि त्यांतलें पवित्र बेट स्वच्छ दिसत होतें. तेथें फार प्राचीन काळीं मोलेस नांवाचा ख्रिस्ती तपस्वी गुहेंत राहत असे, आणि १९९२ पासून तें तिबेटी बौद्धांच्या मालकीचें आहे. दोन मिनिटांनीं पुन्हां वळलों तों बेट नव्हतें, उपसागर नव्हता; पांढरें धुकें आमच्याकडे सरकत येत होतें.

मीं म्होरक्या बाईंना म्हटलें, "मी या धोंड्याच्या आडोशास बसतों. तुम्ही वर जाऊन या. परततांना मला बरोबर घ्या."

त्या शांतपणें म्हणाल्या, "तें आमच्यांत होत नाहीं."

"मी लहान मूल नाहीं."

"लहान मूल असतें तरी हेंच म्हटलें असतें."

हें शेवटचें वाक्य त्यांनीं सहज उच्चारलें. मला तें कोठें लागलें हें त्यांना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

१९९१ सालची गोष्ट. भाद्रपदांत मी आठवीचीं मुलें घेऊन राजगडावर गेलों होतों. त्यांत एक मुलगा स्थूल, चालण्यांत मंद. चोरदरवाजाच्या वाटेनें पद्मावती माचीवर येईपर्यंतच तो रडकुंडीस आला होता, आणि बाकीचीं मुलें बालेकिल्ल्यासाठीं उतावीळ झालीं होतीं. मीं त्याला पद्मावतीच्या देवळांत बसविलें. "येथून हलूं नकोस, आम्ही आलोंच," म्हणून सांगितलें, आणि चाळीस मुलें घेऊन वर गेलों. वर धुकें आलें, पाऊस आला. तासाचे अडीच तास झाले. परत येऊन पाहतों तों देवळांत मुलगा नाहीं. त्या संध्याकाळीं माझ्या तोंडचें पाणी कसें पळालें हें मी लिहूं शकणार नाहीं. दिवेलागणीस तो गुंजवण्यांत सांपडला. धुक्यांत भिऊन तो आम्हांस शोधावयास निघाला होता, वाट चुकला, आणि एका गुराख्यानें त्याला हात धरून खालीं आणलें होतें. मला पाहून तो रडला नाहीं, बोललाही नाहीं. त्याच्या वडिलांनींही मला शब्दानें विचारलें नाहीं. मुख्याध्यापकांपाशीं मीं 'एक मुलगा थोडा मागें राहिला होता' एवढेंच सांगितलें. तो मुलगा पुन्हां कोणत्याही सहलीस आला नाहीं. पुढें दोन वर्षें तो माझ्याच वर्गांत दुसऱ्या बाकावर बसत असे.

इकडे धोंड्यांत वेगळाच पेंच पडला होता. मी परतणार तर आणखी दोघांनीं परतलें पाहिजे, आणि सूनबाई पाठीवरची पिशवी आवळून निघालीच होती. हा डोंगर तिनें पूर्वीं दोनदां अर्ध्यावर सोडला होता, दोन्ही वेळां हवामानामुळें. घरीं महिनाभर तिच्या तोंडीं गोट फेलशिवाय विषय नव्हता. मीं म्हटलें, "तूं वर जा." ती म्हणाली, "बाबा, डोंगर कोठें पळून जात नाहीं." मी कांहीं बोलणार तोंच आजोबा म्हणाले, "मास्तरांचे आणखी शब्द ऐकावयाचे आहेत. मी यांच्याबरोबर उतरतों." एका मुलीच्या टाचेस फोड आला होता, ती तिसरी झाली. बाईंनीं घड्याळ पाहिलें, धुक्याकडे पाहिलें, आणि नियमांत एवढीच सवलत केली कीं एकाच्या ऐवजीं पावणेदोन. सूनबाई धोंड्यांवरून वर जातांना दोनदां मागें वळली. तिसऱ्यांदां वळली असली तरी धुक्यांत मला दिसली नाहीं.

उतरतांना मीं आजोबांस राजगडची हकीकत सांगितली. चौतीस वर्षांत ती कोणासही सांगितली नव्हती, सौ.सही नाहीं. परक्या भाषेंत सांगणें कदाचित् सोपें गेलें असेल. तींत आडपडद्याचे शब्द मला येत नाहींत. त्यांनीं सारें ऐकून घेतलें. माझें समाधान करण्याचा किंवा मला दोष देण्याचा कोणताच प्रयत्न त्यांनीं केला नाहीं. बऱ्याच वेळानें विचारलें, "आतां तो केवढा असेल?" मीं मनांत हिशेब केला आणि सांगितलें, "सत्तेचाळीस."

"मग त्याची मुलें आठवींत असतील," ते म्हणाले, आणि कुंपणाचें दार माझ्यासाठीं उघडून धरलें.

वरचे आठ जण साडेचारास आले, चिंब भिजून. शिखरावरून म्हणे हवा स्वच्छ असली कीं आयर्लंडचा किनारा दिसतो; यांना एकमेकांचीं तोंडें कशीबशीं दिसलीं. सूनबाईचा आनंद त्यामुळें तसूभरही कमी झाला नव्हता.

रविवारीं आकाश धुतल्यासारखें निळें. ब्रॉडिकच्या दुकानांतून भाड्यानें सायकली घेतल्या. बेटास वळसा घालणारा किनाऱ्याचा रस्ता सुमारें पंचावन्न मैलांचा आहे. धडधाकट मंडळी तो पुरा करणार होती. आम्ही तिघे वयस्क चौदा मैलांवरच्या लॉक्रान्झापर्यंत जाऊन परतणार होतों. सूनबाई पुन्हां माझ्याजवळ घुटमळूं लागली तेव्हां मीं तिला जवळजवळ दटावूनच पुढें पाठविलें. सायकल हें माझें वाहन आहे. तेथें मला कोणाची सोबत नको होती. गिअरांच्या त्या गर्दीचा उलगडा होईपर्यंत पहिला मैल गेला, पुढें मात्र पाय आपोआप तालावर आले.

कॉरी गांवच्या लहानग्या धक्क्यावर होड्यांचे दोर बांधावयाचे खुंट मेंढ्यांच्या आकाराचे केलेले आहेत, मुलांनीं पाहून हंसावें असे. पुढें एक-दोन मैलांवर सॅनॉक्स. या खोऱ्यांत पूर्वीं गेलिक बोलणाऱ्या कुळांचीं घरें होतीं. बेटाचा बहुतेक भाग हॅमिल्टनच्या ड्यूकचा. माणसांच्या खंडापेक्षां मेंढ्यांचें कुरण किफायतशीर ठरलें, आणि १८२९ सालीं कुळांना उठविण्यांत आलें. त्यांतलीं ऐंशींहून अधिक माणसें लॅमलॅशहून 'कॅलिडोनिया' नांवाच्या शिडाच्या जहाजानें कानडाकडे गेलीं आणि क्विबेक प्रांतांत मेगॅन्टिकच्या अरण्यांत झाडें तोडून वसलीं. खोऱ्यांत आज कांहीं भिंतींच्या पायांचे दगड गवतांत दिसतात. आगबोटीच्या पाटीवर जें नांव वाचलें होतें तें हें. मी सायकल भिंतीस टेकवून तेथें थोडा वेळ उभा राहिलों. मागच्या गांवचे मेंढ्यांचे खुंट आतां तितकेसे गंमतीचे वाटेनात.

सॅनॉक्सनंतरची खिंड सुमारें दोनशें मीटर चढते. अर्ध्याहून अधिक मीं सायकल हातांत धरून चाललों, आणि त्याची मला मुळींच लाज वाटली नाहीं. पलीकडचा उतार म्हणजे निव्वळ सुख. लॉक्रान्झास पडक्या गढीजवळ तांबडीं हरणें गांवच्या गुरांसारखीं रस्त्याकडेस चरत होतीं. तेथून किनाऱ्यानें मैलभर पायीं गेलें कीं एक खडक लागतो. दिसावयास अगदीं साधा. खालचे थर एका बाजूस कललेले आणि त्यांवर बसलेले थर दुसऱ्या बाजूस. जेम्स हटन हा एडिंबरोचा गृहस्थ १७८७ सालीं येथें आला, आणि या जोडावरून त्यानें ताडलें कीं खालचे थर साचून, घट्ट होऊन, कलंडून, झिजून गेल्यावर मग वरचे थर साचले असले पाहिजेत. एवढ्यास किती काळ लागला असेल! त्या दिवसांत युरोपांतले भाविक लोक सृष्टीचें वय सहा हजार वर्षें मानीत. कल्प आणि मन्वंतरें बाळपणापासून पाठ असलेल्या मनुष्यास कालाचें हें विस्तीर्णत्व नवें नाहीं. पण आम्हीं तें पाठ केलें होतें, त्यानें तें दगडावर वाचून काढलें, हा भेद मीं स्वतःशीं कबूल केला.

पुरा वळसा घालणारी मंडळी सायंकाळीं परतली. पश्चिमेकडच्या मॅक्री माळावरचे चार हजार वर्षांचे उभे दगड पाहून सूनबाई भारावली होती; सर्वांत उंच दगड तिच्या तिप्पट होता म्हणे.

बोटीवर चढण्यापूर्वीं म्होरक्या बाईंनीं धक्क्यावर बोटानें दाखवीत आम्हांस मोजलें. अकरा भरले, तरी त्यांनीं पुन्हां एकदां मोजलें.

बोटीस अवकाश होता तेवढ्यांत ब्रॉडिकच्या दुकानांतून मीं गोट फेलचें एक चित्रकार्ड घेतलें होतें. बोटींत बसून त्यावर त्या मुलाचें नांव लिहिलें, खालीं चार ओळी लिहिल्या. पत्ता ठाऊक नव्हता. घरीं आल्यावर त्याच्या वर्गांतल्या एकाकडे चौकशी केली. तो चाकणकडे एका कारखान्यांत आहे असें समजलें, आणि नक्की ठिकाण आठ दिवसांत काढून देतों असें त्यानें सांगितलें आहे. तोंपर्यंत कार्ड माझ्या आपट्यांच्या कोशांत ठेविलें आहे.